वाचेचें घर कोठें आहे ?

सकाळीं स्वयंपाकघरांतून "चहा झाला आहे, येतां ना ?" अशी हांक येते, आणि बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ "आलोंच" असें म्हणून उठतात. ह्या दोन वाक्यांत आश्चर्य करण्यासारखें कोणास कांहीं वाटत नाहीं. तथापि हवेंतील कंप कानावर आदळले, त्यांचे शब्द झाले, शब्दांचा अर्थ झाला, अर्थावरून उत्तर सुचलें, आणि तें उत्तर जीभ, ओंठ, टाळू व कंठ यांजकडून बिनचूक वदविलें गेलें. एवढा सारा व्यवहार पापणी लवते न लवते तोंच उरकला. ह्या व्यवहाराचें गूढ आपल्या पूर्वजांस जाणवलें होतें. आत्मा बुद्धीच्या साहाय्यानें अर्थ जाणतो व बोलण्याच्या इच्छेनें मनास योजितो, मन शरीरांतील अग्नीस चेतवितें आणि अग्नि वायूस प्रेरणा देतो, असें वर्णन पाणिनीय शिक्षेंत आलें आहे. भर्तृहरीनें पश्यन्ती, मध्यमा व वैखरी अशीं वाणीचीं रूपें मानलीं. इच्छेपासून उच्चारापर्यंतचा क्रम ह्या वर्णनांत मोठ्या कुशलतेनें लाविलेला आहे; परंतु हें सर्व देहांत नेमकें कोठें व कसें घडतें हा प्रश्न निराळा, आणि त्याचें उत्तर केवळ चिंतनानें मिळणारें नाहीं; त्यासाठीं प्रत्यक्ष पाहावेंच लागतें. तें कसें पाहिलें गेलें, आणि त्यांतून आपल्या संसारांत उपयोगी पडेल असें काय हातीं लागलें, ह्याचा विचार आज ह्या सदरांत करावयाचा आहे.

प्रथम प्रथम हें पाहणें मृत्यूनंतरच शक्य होतें. पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत लबोर्न्य नांवाचा एक रोगी वीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. त्याला काय विचारलें तें समजे. परंतु उत्तर म्हणून त्याच्या मुखांतून बहुधा "तां, तां" एवढाच ध्वनि बाहेर पडे, आणि त्यावरून रुग्णालयांत त्याचें नांवच 'तां' असें पडलें होतें. १८६१ सालच्या एप्रिल महिन्यांत तो वारला. पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यानें त्याचा मेंदू काढून तपासला, तेव्हां डाव्या बाजूस, कपाळाच्या मागें खालच्या अंगास, मोठी इजा झालेली आढळली. पुढें १८७४ सालीं कार्ल व्हेर्निके ह्या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन वैद्यानें ह्याच्या उलट प्रकारचे रोगी वर्णन केले. त्यांचें बोलणें अस्खलित चाले, पण त्यांत अर्थाचा मेळ नसे, आणि दुसऱ्याचें बोलणें त्यांस उमगत नसे. त्यांची इजा डाव्या कानाच्या वर, मागील बाजूस होती. ह्यावरून डावीकडे पुढें बोलण्याचें ठाणें आणि मागें समजण्याचें ठाणें, असा एक सुटसुटीत नकाशा तयार झाला व तो शंभर वर्षें शिकविला गेला.

ह्या पद्धतीचा दोष उघड आहे. घरांतील एक दिवा विझला म्हणून त्या खोलींतील तारेवरून सबंध वाड्याची वीजजोडणी ओळखूं पाहण्यासारखें तें होतें. शिवाय रोगी मरेपर्यंत थांबावें लागे. आणि निरोगी मनुष्य बोलत असतांना त्याच्या डोक्यांत काय चालतें, हें तर मुळींच कळत नसे.

ह्या बंद दारास पहिली फट पाडली ती रक्तानें. इटलींतील तूरीन येथें आंजेलो मोस्सो नांवाचे शरीरशास्त्रज्ञ होते. अपघातानें ज्यांच्या कवटीचा तुकडा निघून गेला आहे अशा रोग्यांच्या मेंदूवरील नाडीचें स्पंदन ते मोजीत. त्यांपैकीं बर्तीनो नांवाच्या शेतकऱ्यास एके दिवशीं देवळाची दुपारची घंटा ऐकूं आली; त्याबरोबर त्याच्या मेंदूवरील स्पंदन वाढलें, हाताच्या नाडींत मात्र तसा फरक पडला नाहीं. ही वेळ प्रार्थनेची, तिची आठवण झाली काय, असें मोस्सोंनीं विचारतांच तें पुन्हां वाढलें. मन गुंतलें कीं मेंदूकडे रक्त धांवतें, ही गोष्ट येथें डोळ्यांनीं दिसली. पुढें १८९० सालीं इंग्लंडांत रॉय व शेरिंग्टन ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मेंदूचा जो भाग कामास लागतो तोच आपल्याकडे अधिक रक्त ओढून घेतो. पाहुणे आले कीं ज्या चुलीवर काम अधिक, तिकडेच अधिक सर्पण जातें, तसेंच हें आहे.

आतां हें रक्त कवटी न फोडतां दिसावें कसें ? ह्याची किल्ली रक्तांतील लोहांत सांपडली. लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं १९३६ सालीं दाखविलें कीं, प्राणवायु घेतलेलें हीमोग्लोबिन व प्राणवायु सोडून दिलेलें हीमोग्लोबिन ह्यांचे चुंबकीय गुण निरनिराळे असतात. ह्या शोधाचा ह्या कामीं उपयोग होण्यास चोपन्न वर्षें लागलीं. १९९० सालीं सेइजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञानें अमेरिकेंत काम करीत असतांना हाच फरक एम्. आर्. आय्. यंत्राच्या चित्रांत टिपला, आणि १९९२ पासून जाग्या, निरोगी मनुष्याचा मेंदू काम करतांना पाहतां येऊं लागला. हें यंत्र म्हणजे एक मोठें पोकळ चुंबक होय. संशोधनासाठीं नेहमीं वापरतात त्या यंत्राचें बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ६०,००० पट असतें, म्हणून आंत जाण्यापूर्वीं बांगड्या, मंगळसूत्र, किल्ल्या सर्व उतरवावें लागतें. त्यांत क्ष-किरण नसतात, कांहीं टोंचावेंही लागत नाहीं. फक्त ठोकाठोकीसारखा मोठा आवाज सोसून डोकें स्थिर ठेवून पडावें लागतें.

तथापि नुसतें चित्र मिळालें म्हणून भाषेचें स्थान कळलें असें होत नाहीं. शब्द वाचतांना डोळे काम करितात, मन लक्ष देतें, श्वास चालू असतो. ह्या सर्वांचीं चिन्हें त्याच चित्रांत मिसळलेलीं असतात. ह्यावरील तोड सेंट लुई येथील पीटरसन, पोस्नर, रायक्ले प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केली. त्या वेळीं ओगावांची युक्ति अवगत नव्हती. थोडक्या काळांत नाहींसें होणारें किरणोत्सारी पाणी रक्तांत सोडून तें कोठें जातें हें पाहण्याचें 'पेट' नामक यंत्र त्यांनीं वापरलें. युक्ति मात्र आपल्या जमाखर्चाच्या वहीसारखी साधी होती. प्रथम मनुष्यास नुसत्या एका खुणेकडे पाहावयास सांगावें. मग नाम दाखवावें. मग तेंच नाम मोठ्यानें म्हणावयास सांगावें. आणि शेवटीं त्या नामास शोभणारें क्रियापद सुचवावयास सांगावें, जसें 'सुई' म्हटलें कीं 'शिवणें'. प्रत्येक पायरीच्या चित्रांतून आधींच्या पायरीचें चित्र वजा केलें म्हणजे जी बाकी राहते, ती त्या नव्या कामाची. शब्द पाहतांना डोक्याची मागची बाजू उजळली, उच्चारतांना जीभ-ओंठ हालविणारा पट्टा उजळला, आणि क्रियापद शोधतांना डावीकडील कपाळामागचा भाग उजळला. वजाबाकी लहान मुलासही येते. परंतु ती कोठें करावी हें सुचणें हीच येथें खरी बुद्धि.

रक्ताच्या साक्षीचा एक मोठा दोष असा कीं, ती उशिरा येते. काम झाल्यावर रक्ताचा पूर भरास येण्यास पांच-सहा सेकंद लागतात. तोंवर दोन वाक्यें बोलून होतात. वेळेचा हिशेब हवा असेल तर मेंदूच्या विजेकडे वळावें लागतें. डोक्यास बाहेरून लहान चकत्या चिकटवून ती वीज टिपण्याची रीति हान्स बेर्गर ह्या जर्मन वैद्यानें १९२९ सालीं प्रसिद्ध केली होती. १९८० सालीं कॅलिफोर्नियांत मार्टा कुटास व स्टीव्हन हिल्यार्ड ह्यांनीं तिचा भाषेसाठीं मोठा मार्मिक उपयोग केला. त्यांनीं लोकांस एकेक शब्द दाखवून वाक्यें वाचावयास दिलीं. कांहीं वाक्यांचा शेवट मात्र भलताच ठेविला. "आजीनें गरम भातावर वरण आणि साजूक मोजे वाढले" असें वाक्य आपण वाचलें तर 'मोजे' ह्या शब्दाशीं मन अडखळतें. तें अडखळणें शब्द दिसल्यापासून सुमारें ०·४ सेकंदांत विजेच्या एका ठराविक लाटेच्या रूपानें कागदावर उमटतें. शब्द अर्थानें बरोबर असून नुसता मोठ्या टाइपांत छापला तर ही लाट येत नाहीं, निराळीच येते. म्हणजे तें अडखळणें डोळ्यांचें नसून अर्थाचें आहे. ऐकणारा वाक्य पुरें होईपर्यंत स्वस्थ बसत नाहीं. पुढें काय येणार ह्याची अपेक्षा बांधीत तो वक्त्याच्या एक पाऊल पुढें चालत असतो, असा ह्याचा अर्थ.

ह्या सर्व साधनांनीं जुन्या नकाशाचें काय केलें ? तो खोटा ठरला नाहीं, पण अपुरा ठरला. उजव्या हातानें काम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ९० हून अधिक लोकांत भाषेचा मुख्य भार डावीकडेच असतो, हें खरें. परंतु बोलण्याचें एक ठाणें आणि समजण्याचें एक ठाणें, एवढ्यावर भागत नाहीं. ब्रोकानें त्या 'तां'चा मेंदू कापून न पाहतां मद्यार्कांत जपून ठेविला होता. सुमारें दीडशें वर्षांनंतर, २००७ सालीं, तोच मेंदू एम्. आर्. आय्. यंत्रांत ठेवून तपासण्यांत आला. तेव्हां असें दिसलें कीं, इजा वरवरची नसून पार आंतपर्यंत गेलेली होती, आणि पुढील व मागील भागांस जोडणारे तंतूंचे जुडगेही तींत नष्ट झाले होते. वाचा एका खोलींत राहत नाहीं. ती अनेक खोल्यांतून, ओटी-माजघर-पडवी अशी सारखी येजा करीत असते, आणि वाट बंद झाली तरी घर मुकें होतें. दुसरी एक गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. जन्मबधिर लोक हातांच्या खुणांनीं जी भाषा बोलतात, ती बोलतां-समजतांना त्यांच्याही मेंदूंतील हींच डावीकडचीं स्थळें जागीं होतात. तेव्हां हें घर आवाजाचें नव्हे, भाषेचें आहे.

येथवर ऐकण्या-बोलण्याचें झालें. वाचन ही त्यांहून निराळी गोष्ट आहे, कारण बोलणें मूल आपोआप शिकतें, वाचन कोणी तरी शिकवावें लागतें. आपल्या देवनागरी लिपीचें ह्यांत एक वैशिष्ट्य आहे. इंग्रजी अक्षरें एका ओळींत एकापुढें एक उभीं राहतात. आपला स्वर मात्र व्यंजनाच्या पुढें, मागें, वर, खालीं कोठेंही बसतो. 'दिवा' ह्या शब्दांत इकार डोळ्यांस आधीं दिसतो आणि तोंडास मागून येतो. म्हणूनच बाराखडी नवी शिकणारें मूल वेलांटी भलत्याच अक्षरास देऊन बसतें. हरियाणांतील मानेसर येथें राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तेथील नंदिनी चटर्जी सिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं देवनागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूंचें निरीक्षण करून २००९ सालीं तें प्रसिद्ध केलें. डावीकडील नेहमींच्या स्थळांबरोबर उजवीकडील कांहीं भागही ह्या वाचनांत सहभागी होतात, असें त्यांस आढळलें; आणि अक्षरांची ही चोहोंकडची मांडणी उलगडण्यासाठीं तसें होत असावें, असा त्यांचा कयास आहे.

ह्याच संस्थेंत झालेलें दुसरें एक काम आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर गेलें असेल. शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ वैदिकांच्या मेंदूंची तुलना इतर २१ जणांच्या मेंदूंशीं करण्यांत आली, आणि तिचा निष्कर्ष जेम्स हार्ट्झेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१६ सालीं मांडला. भाषा, स्मृति व दृष्टि ह्यांच्याशीं संबंध असलेल्या कित्येक भागांत वैदिकांच्या मेंदूचें करडें द्रव्य अधिक दाट व बाह्य कवच अधिक जाड आढळलें. हें वाचून आपल्या घरांतून मोठा हर्ष व्यक्त झाला, आणि तो अस्वाभाविक नव्हता. लहानपणापासून वर्षानुवर्षें गुरूसमोर बसून, स्वर न चुकवितां, हजारों मंत्र कंठांत सांठविणें ही केवढी तपश्चर्या आहे, हें ज्यानें वेदपाठशाळा पाहिली आहे त्यास सांगावयास नको. परंतु ह्यावरून जे कित्येकांनीं अनुमान काढलें, कीं संस्कृत भाषेंतच कांहीं अद्भुत शक्ति आहे, किंवा घरीं चार मंत्र म्हटल्यानें मुलाची बुद्धि वाढते, तें त्या अभ्यासानें सिद्ध केलेलें नाहीं. त्यांत दोन गटांची तुलना आहे; त्याच मनुष्याचें 'पूर्वीं' आणि 'नंतर' नाहीं. पाठांतरानें मेंदू तसा झाला, कीं ज्यांचा मेंदू मुळांत तसा होता तेच पाठशाळेंत शेवटपर्यंत टिकले, हें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय दुसऱ्या एखाद्या भाषेंतील ग्रंथ तितक्याच निष्ठेनें तोंडपाठ केले तर काय होईल, तेंही त्यांत पाहिलेलें नाहीं. आपल्या अभिमानास रुचेल तेवढें प्रमाण उचलणें ही न्यायशास्त्राची परंपरा सांगणाऱ्यांस न शोभणारी गोष्ट आहे.

ज्यांत 'पूर्वीं' आणि 'नंतर' पाहिलें आहे असा अभ्यास निराळाच आहे, आणि आमच्या मतें गृहस्थाश्रमी मनुष्यानें अधिक मनावर घ्यावा असा तोच आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील, तिशीच्या आसपासच्या, अक्षरओळख नसलेल्या कांहीं प्रौढांस सहा महिने हिंदी लिहावयास-वाचावयास शिकविण्यांत आलें. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शिकण्यापूर्वीं आणि शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूंचीं चित्रें घेतलीं गेलीं. जर्मनी, नेदर्लंड व भारत येथील शास्त्रज्ञांनीं मिळून केलेलें हें काम २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. सहा महिन्यांत हे लोक पहिलीच्या मुलाइतपत वाचूं लागले. मेंदूंत जो बदल दिसला तो वरच्या कवचापुरताच नव्हता. थॅलॅमस व मेंदूचें देंठ अशा खोलवरच्या, फार पुरातन भागांचा डोळ्यांच्या कामाशीं मेळ अधिक घट्ट बसला होता, आणि ज्यांचा हा मेळ अधिक बसला त्यांचें वाचनही अधिक चांगलें होतें. एक शंका पूर्वींपासून होती, कीं अक्षरांस जागा करून देतांना मेंदू दुसरी एखादी शक्ति, उदाहरणार्थ चेहरे ओळखण्याची, गमावीत असेल. त्याच भागांतील अधिक लोकांवर पुढें केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तसा कांहीं तोटा आढळला नाहीं.

ह्याचा अर्थ आपण आपल्या उंबरठ्याच्या आंत लावून पाहूं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून मुलग्यांच्या मुंजी होऊन ते पाठास बसले, आणि त्याच घरांतील मुलींस अक्षर शिकविण्यासाठीं पुण्यांत दगड-शेण अंगावर घेणारीं माणसें जन्मास यावीं लागलीं. आज आपल्या मुली उच्च पदव्या घेतात, हें खरें. परंतु आपल्याकडे धुणें-भांडीं करावयास येणारी बाई बसवरील पाटी दुसऱ्यास विचारते, औषधाच्या बाटलीवरील नांव रंगावरून ओळखते, आणि "आतां ह्या वयांत काय शिकणार ?" असें आपणच तिच्या वतीनें म्हणून मोकळे होतों. ह्या वाक्यास आजवर दयेचा वेष होता. लखनौच्या त्या चित्रांनंतर तो उरत नाहीं. तिशींतील मेंदूस सहा महिने पुरले. मेंदू कुल विचारीत नाहीं, फक्त सराव विचारतो.

येथें थोडा सावधपणाही सांगितला पाहिजे, कारण रंगीत चित्र पाहिलें कीं मनुष्य चटकन् भुलतो. त्या चित्रांतील तांबडें-पिवळें हे मेंदूचे रंग नव्हेत. हजारों बारीक तुकड्यांवर केलेल्या गणिताच्या निकालास दिलेले ते रंग आहेत. २००९ सालीं अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं एक मेलेला सामन मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचे फोटो दाखविले, आणि गणितांत योग्य ती दुरुस्ती न केल्यास मेलेल्या माशाचा मेंदूही 'विचार' करतांना दिसतो, हें जगास हंसवून शिकविलें. उलट बाजूस, यंत्र आतां मनांतील विचार वाचूं लागलें अशा भीतीनेंही गांगरूं नये. २०२३ सालीं टेक्सस येथील शास्त्रज्ञांनीं मनुष्य ऐकत असलेल्या गोष्टीचा मथितार्थ त्याच्या मेंदूच्या चित्रांवरून शब्दांत उतरविला खरा. परंतु त्यापूर्वीं त्याच मनुष्यास यंत्रांत सोळा तास गोष्टी ऐकवाव्या लागल्या, आणि त्यानें मनांतल्या मनांत प्राण्यांचीं नांवें घ्यावयास सुरुवात केली कीं यंत्राचा डाव फसे.

मग ह्या विद्येचा खरा उपकार कोणता ? आमच्या मतें तो हा, कीं मुकेपणा म्हणजे शून्य नव्हे, हें तिनें दाखविलें. २००६ सालीं केंब्रिज येथील एड्रियन ओवेन ह्यांनीं अपघातानंतर निश्चेष्ट पडलेल्या, कशासही प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीस यंत्रांत ठेवून सांगितलें, "टेनिस खेळत आहांत अशी कल्पना करा", मग म्हणाले, "स्वतःच्या घरांतील खोल्यांतून फिरत आहांत अशी कल्पना करा." दोन्ही वेळां निरोगी मनुष्याच्या मेंदूचीं जीं स्थळें जागीं होतात, तींच तिच्या मेंदूंत जागीं झालीं. बोट हालत नव्हतें; बोललेलें मात्र समजत होतें. असा प्रत्येक रोगी आंतून जागा असतो असें नव्हे. पण कोणी तसा असूं शकतो, एवढें कळलें तरी उशाशीं बसून बोलण्याची आपली रीति बदलली पाहिजे.

यंत्रें रुग्णालयांत राहतात. वाचाघात घरांत येतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर वडिलांची वा सासूबाईंची वाचा जाते, आणि घरचीं माणसें त्यांच्यादेखत, तीं नाहींतच अशा रीतीनें, खर्चाच्या व वांटणीच्या गोष्टी बोलूं लागतात. 'तां'स सर्व समजत होतें, हें १८६१ पासून माहीत आहे. म्हणून अशा माणसाशीं हळू, लहान वाक्यांत, एका वेळीं एकच गोष्ट बोलावी. हो-नाहीं म्हणून उत्तर देतां येईल असें विचारावें. उत्तरास वेळ द्यावा, शब्द त्यांच्या तोंडांतून ओढून काढूं नये. आणखी एक ध्यानांत ठेवावें. पाणी मागतां येत नाहीं असा रोगी कित्येकदां अंक, वार किंवा रामरक्षा ओळीनें म्हणून जातो, आणि मग "सोंग करतात" असा आळ त्याजवर येतो. तें सोंग नव्हे. पाठ असलेलें आपोआप वाहतें; नवें वाक्य जुळवावें लागतें, आणि जुळविण्याची वाटच बंद झालेली असते. वाचोपचाराचे तज्ज्ञ ह्याच शिल्लक राहिलेल्या पुंजीवरून कित्येकदां पुन्हां बोलण्याकडे वाट काढतात. आणि झटका येतांच, तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, बोलणें अडखळलें, असें दिसतांच, मालिश वा काढा ह्यांत वेळ न दवडतां मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें.

वाचेचें घर कोठें आहे, ह्याचें उत्तर शास्त्रज्ञ अजून शोधीत आहेत, आणि एका खोलीकडे बोट दाखवून तें कधीं संपेल असें वाटत नाहीं. परंतु त्या घराचें दार बाहेरून बंद दिसलें तरी आंत कोणी नाहीं असें धरून चालूं नये, आणि ज्याच्या हातीं अक्षर कधीं आलेंच नाहीं त्याच्यासाठीं तें उघडण्यास उशीर झाला असेंही समजूं नये. एवढें तरी आजच्या ज्ञानानें निश्चित सांगितलें आहे. पुढील अंक वाचकांच्या हातीं येईपर्यंत एका घरांत तरी कोणी एखादीस बाराखडीचें पहिलें पान शिकविलें, तर हे चार शब्द लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही मानूं.